सार्जंटची सहा मुलं

ध्वनिमुद्रण जुनं आहे. प्लॅस्टिकच्या डिक्टाबेल्टवर केलेलं, त्यामुळे बोलण्याखाली सतत एक खरखर चालू असते. तारीख २७ मे १९६४, वॉशिंग्टनमध्ये सकाळचे साडेअकरा वाजत आलेले. आपल्याकडे हा दिवस वेगळ्या कारणाने लक्षात आहे: काही तासांपूर्वीच दिल्लीत नेहरू गेले होते आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क अंत्यसंस्कारासाठी निघायच्या गडबडीत होते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मात्र फोनवर आपले सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी व्हिएतनामबद्दल बोलतायत. आवाज थकलेला, टेक्ससचा हेल ओढत चाललेला. ते म्हणतात, काल रात्री जागाच राहिलो आणि जसजसा विचार करत गेलो तसतसं कळेनासं झालं. मग अचानक घरातली गोष्ट निघते. आज सकाळी माझ्याकडच्या त्या सार्जंटकडे बघत होतो, त्याला सहा लहान लहान मुलं आहेत, तो माझे कपडे काढून ठेवतो, रात्री वाचायचे कागद आणून देतो. त्याच्या मुलांना तिकडे धाडायचा हुकूम मी द्यायचा? कशासाठी? माझ्या दृष्टीने व्हिएतनामची किंमत काय? लाओसची काय? या देशाच्या दृष्टीने काय?

आणि त्याच संभाषणात, अगदी सरळ शब्दांत: ही लढण्याच्या लायकीची गोष्ट आहे असं मला वाटत नाही, आणि आपण बाहेर पडू शकू असंही वाटत नाही.

हा माणूस पुढच्या चौदा महिन्यांत त्याच जमिनीवर लाखाहून जास्त सैनिक धाडायचा निर्णय घेतो. ती टेप एकदा ऐकली की व्हिएतनामवरच्या टीकेतला निम्मा भाग लटका वाटायला लागतो. जॉन्सनना परराष्ट्रधोरण कळत नव्हतं, सेनापतींनी त्यांना भरीस घातलं, केनेडींच्या हुशार मंडळींनी फसवलं, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. पण टेपवरचा माणूस फसलेला नाही. बंडींच्या फोनच्या अर्धा तास आधी ते सेनेटर रिचर्ड रसेल यांच्याशी बोलले होते. रसेल सेनेटच्या सशस्त्र दल समितीचे अध्यक्ष, कट्टर लष्करवादी, आणि जॉन्सनचे राजकारणातले गुरू. त्यांनी सांगितलं, इतका वाईट घोळ मी आजवर पाहिला नाही, भातखाचरांत आणि जंगलात चिनी लोकांशी मोठं युद्ध केल्याशिवाय यातून सुटका दिसत नाही. जॉन्सननी विचारलं, आपल्यासाठी ती जागा किती महत्त्वाची? रसेल म्हणाले, काडीचीही नाही. तेव्हा जॉन्सनच्या तोंडून खरी भीती बाहेर पडली: पण पळून जाणाऱ्या राष्ट्राध्यक्षावर हे लोक महाभियोग आणतील ना?

त्यांना माहीत होतं.

त्यामुळे माझा राग चुकीच्या अंदाजावर नाही. अंदाज कोणाचेही चुकतात. राग आहे तो शंका स्वतःच्या खोलीत ठेवून बाहेर खात्री दाखवल्याबद्दल. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांकडे गेला तेव्हा 'चीन कोणी घालवला' या एका प्रश्नाने ट्रुमन यांच्या पक्षाची कशी चाळण केली, हे जॉन्सननी सेनेटमध्ये बसून पाहिलं होतं. तसंच आपलं झालं तर नागरी हक्क, म्हाताऱ्यांचा आरोग्यविमा, शाळांना मदत, सगळं वाहून जाईल असं त्यांना मनापासून वाटायचं. ही भीती खोटी नव्हती. पण तिच्यावर शोधलेला उपाय असा, की युद्ध करायचं आणि देशाला ते कळू द्यायचं नाही. लोकशाहीत हे फार काळ चालत नाही आणि जेवढा काळ चालतं तेवढी नासाडी करतं.

सुरुवात टोंकिनच्या आखातात झाली. २ ऑगस्ट १९६४ ला कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटी 'मॅडॉक्स' या अमेरिकी विनाशिकेवर चालून गेल्या, हे खरं. दोन रात्री आधी अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामच्या बोटींनी, अमेरिकेने आखलेल्या गुप्त मोहिमेत, किनाऱ्यालगतच्या बेटांवर मारा केला होता, हेही खरं. पण ते लोकांना सांगितलं गेलं नाही. ४ तारखेच्या काळ्याकुट्ट, वादळी रात्री दुसरा हल्ला झाल्याचे संदेश आले. काही तासांतच जागेवरचे कॅप्टन जॉन हेरिक यांनी कळवलं, की रडारवर हवामानाचे विचित्र परिणाम झाले असावेत, सोनारवाले जास्तच उत्साहात असावेत, प्रत्यक्ष डोळ्यांनी मॅडॉक्सवरून काही दिसलेलं नाही, पुढचं पाऊल टाकण्याआधी पूर्ण छाननी करा. छाननीला वेळ कोण देणार? निवडणूक तीन महिन्यांवर आली होती आणि समोर रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर 'कचखाऊ' म्हणून हिणवत होते. रात्री साडेअकरानंतर जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले आणि विमानं सुटली. त्या कारवाईत पडलेल्या एका विमानाचा वैमानिक एव्हरेट अल्वारेझ कैदेत गेला तो १९७३ मध्ये सुटला. दुसरा हल्ला झालाच नव्हता. आता अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराने, २००५ मध्ये खुल्या झालेल्या अभ्यासात, तसं लिहून ठेवलंय. पण ७ ऑगस्टला अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ठराव केला: खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध ०, सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधातले दोघे, ओरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग. दोन मतं. ठरावात 'आवश्यक ते सर्व उपाय' अशी मोकळीक होती आणि मुदत नव्हती. ऑक्टोबरमध्ये जॉन्सन प्रचारात सांगत होते, आशियातल्या मुलांनी स्वतः करायचं काम करायला आपली मुलं नऊ-दहा हजार मैलांवर धाडणार नाही. ६१ टक्के मतं मिळाली ती या वाक्याला.

२८ जुलै १९६५ ची पत्रकार परिषद मला या सगळ्यातली सर्वांत जड घटना वाटते. युद्धाचा खरा निर्णय त्या दिवशी जाहीर झाला आणि तो निर्णय वाटू नये म्हणून किती मेहनत घेतली गेली! रात्रीच्या वेळी अख्खं घर दूरचित्रवाणीसमोर बसतं, ती वेळ टाळली. भर दुपार निवडली. सैनिक ७५,००० वरून १,२५,००० करणार, सक्तीची भरती महिन्याला १७,००० वरून ३५,००० नेणार, एवढं सांगितलं. वर्षअखेरीस किती लागणार, हे आतल्या कागदांवर होतं, ते सांगितलं नाही. डिसेंबर संपताना प्रत्यक्षात १,८४,००० झाले. त्याच परिषदेत सर्वोच्च न्यायालयावर एब फोर्टास यांची नेमणूकही जाहीर केली, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बातमीला वाटेकरी. धोरणात काही बदल झाला का, या प्रश्नावर उत्तर: नाही. धोरण तर एप्रिलमध्येच बदललं होतं. ६ एप्रिलच्या गुप्त आदेशाने दा नांगच्या विमानतळावर पहारा द्यायला उतरवलेल्या मरीन तुकड्यांना चढाई करायची मुभा मिळाली होती, आणि हे बदल अचानक झाले असं दिसू देऊ नका अशी सूचनाही त्याच आदेशात होती.

आणि राखीव दलं बोलावली नाहीत. हा तपशील कोरडा वाटतो, पण युद्ध आतून कुजायला इथून सुरुवात झाली. राखीव दल म्हणजे गावातला वकील, शाळेतला मास्तर, गॅरेजचा मालक. त्यांना बोलवायचं तर आणीबाणीची भाषा करावी लागते, काँग्रेससमोर जावं लागतं, प्रत्येक गावात जेवणाच्या टेबलावर चर्चा सुरू होते. ते टाळायचं होतं. मग माणसं आणायची कुठून? सक्तीच्या भरतीतून. कॉलेजात असलेल्याला सवलत, म्हणून बोजा ज्यांना कॉलेज परवडत नव्हतं त्यांच्यावर पडला. व्हिएतनाममधली नेमणूक बारा महिन्यांची. जंगल, वाटा, सापळे ओळखायला लागेपर्यंत मुलगा परतीच्या विमानात. अधिकाऱ्याला तुकडीचं नेतृत्व बहुधा सहाच महिने. अनुभवी सार्जंट तर पेरून उगवत नाहीत. ते जर्मनीतल्या तुकड्यांतून काढले गेले आणि तिथल्या तुकड्या पोकळ झाल्या. काही वर्षांत परिस्थिती अशी आली की नवख्याला नवखाच शिकवतोय.

पैशाचं तसंच. डिसेंबर १९६५ मध्ये आर्थिक सल्लागार गार्डनर अ‍ॅक्ली कर वाढवा म्हणून सांगत होते. कर मागितला की काँग्रेस विचारणार, किती आणि कशासाठी. मग एकतर युद्ध उघड होणार, नाहीतर गरिबांसाठीच्या योजनांना कात्री. म्हणून १९६७ च्या अंदाजपत्रकात असं गृहीत धरलं, की युद्ध ३० जून १९६७ ला संपेल. तारीख रणांगणावरून आलेली नव्हती. आर्थिक वर्ष त्या दिवशी संपत होतं म्हणून ती निवडली. सुमारे १० अब्ज डॉलर धरलेला खर्च २० अब्जांच्या घरात गेला. प्राप्तिकरावरचा दहा टक्के अधिभार अखेर जून १९६८ मध्ये मंजूर झाला, तोवर महागाई घरात शिरली होती आणि काँग्रेसने बदल्यात खर्चकपात लिहून घेतली. ज्या योजना वाचवायच्या म्हणून लपवाछपवी केली, त्यांनाच झळ बसली.

मोठा प्रश्न असा झाकून ठेवल्यावर जॉन्सन छोट्या प्रश्नांत बुडाले. मंगळवारी दुपारी व्हाइट हाउसमध्ये जेवण असायचं. रस्क, संरक्षणमंत्री मॅकनमारा, बंडी (नंतर वॉल्ट रोस्टो) आणि राष्ट्राध्यक्ष. जेवता जेवता उत्तर व्हिएतनामवर कुठे बाँब टाकायचे ते ठरायचं. सेनादलांचे प्रमुख जनरल व्हीलर १९६७ च्या अखेरीपर्यंत त्या टेबलावरचे कायमचे पाहुणे नव्हते. प्रत्येक लक्ष्याची वेगळी नोंद: लष्करी फायदा किती, विमानाला आणि वैमानिकाला धोका किती, नागरिक किती मरतील, रशिया किंवा चीन उतरण्याची शक्यता किती. राजधानी हनोईभोवती मनाईचं वर्तुळ, हायफाँग बंदराभोवती वर्तुळ, चीनच्या सरहद्दीलगत पट्टा. चीन कोरियात उतरला होता, ती आठवण ताजी होती. तेव्हा सावधगिरी वेडी नव्हती. पण तिचे परिणाम वैमानिक भोगत होते. एप्रिल १९६५ मध्ये रशियन क्षेपणास्त्रांचे तळ बांधले जाताना छायाचित्रांत दिसले. तिथे रशियन तंत्रज्ञ असतील म्हणून हात लावायला मनाई. २४ जुलैला त्यांतल्याच क्षेपणास्त्राने पहिलं विमान पाडलं, त्यानंतर परवानगी मिळाली.

बाँबफेकीचा हिशेब मुळातच जमत नव्हता. उत्तर व्हिएतनाम भातशेतीचा देश, कारखाने मोजके, शस्त्रं बाहेरून येणारी. सीआयएचाच अंदाज होता, की १९६५ मध्ये एक डॉलरचं नुकसान करायला अमेरिकेला ६.६ डॉलर लागले आणि १९६६ मध्ये ९.६. थान होआचा पूल बघा. मा नदीवरचा, रेल्वे आणि रस्ता दोन्ही वाहणारा. ३ एप्रिल १९६५ ला सत्तराहून जास्त विमानं त्यावर गेली. बुलपप क्षेपणास्त्रं लोखंडावर आपटून नुसते काळे डाग उमटले, साडेसातशे पौंडी बाँबनी रस्ता उखडला, पूल उभा. पुन्हा पुन्हा विमानं गेली, पडली, वैमानिक कैदेत गेले. पूल निकामी झाला मे १९७२ मध्ये, लेझरने दिशा दिलेल्या बाँबनी, तेव्हा जॉन्सन केव्हाच टेक्ससच्या शेतावर परतले होते.

मंगळवारच्या त्या पद्धतीने सर्वांत मोठी हानी केली ती वाटाघाटींची. १९६६ च्या शरदात पोलंडचे मुत्सद्दी यानुश लेवांडोव्स्की दक्षिणेची राजधानी सायगाव आणि हनोईत ये-जा करत होते. वॉर्सात अमेरिका आणि उत्तर व्हिएतनामच्या राजदूतांची भेट डिसेंबरात जुळवायची होती. त्याच काळात हनोईजवळची काही लक्ष्यं मंजूर होऊन पडून होती. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत लाल नदीच्या खोऱ्यावर ढग इतके खाली असतात, की मंजूर झालेला हल्ला आठवडे थांबतो. डिसेंबरच्या सुरुवातीला आभाळ उघडलं. हुकूम कोणी मागे घेतला नव्हता. विमानं गेली, २ ला आणि ४ ला. पोलिश मंडळी विनवत राहिली, आणि १३-१४ तारखेला पुन्हा हनोईजवळ बाँब पडले. भेट बारगळली. बोलणी यशस्वी झाली असती का, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण ज्या माणसाने एकेक पूल स्वतः तपासला, त्याने आपलाच दूत कुठल्या दारात उभा आहे ते पाहून एक यादी थांबवू नये, हे मनाला पटत नाही.

याच माणसाबद्दल दुसरंही खरं आहे. पहाटे तीनला झोपमोड होऊन ते अंगात झगा अडकवून तळघरातल्या सिच्युएशन रूममध्ये उतरायचे. प्रश्न एकच: गेलेली विमानं परत आली का? सगळी? १९६८ मध्ये खे सान्हला मरीन वेढले गेले, तेव्हा त्या तळाची मातीची प्रतिकृती तिथे मांडून घेतली होती. टेकड्या, धावपट्टी, खंदक. १९५४ मध्ये दिएन बिएन फूला वेढा पडून फ्रेंचांचं झालं तसं आपलं होईल, या धास्तीने ते तिच्यापुढे उभे राहायचे. निर्दयी माणूस असं करत नाही. २८ जुलै १९६५ नंतर दोनच दिवसांनी त्यांनी म्हाताऱ्यांच्या आरोग्यविम्यावर सही केली आणि नवव्या दिवशी, ६ ऑगस्टला, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांना मत देता यावं म्हणून कायद्यावर. हे दोन्ही एकाच हाताने झालं. मी दरवेळी इथे अडखळते.

आपल्या स्वयंपाकघरांपर्यंतही हा हात पोचला होता. एप्रिल १९६५ मध्ये शास्त्रीजींच्या अमेरिकाभेटीचं आमंत्रण एकाएकी पुढे ढकललं. बाँबफेकीवरची भारताची भूमिका जॉन्सनना खुपत होती. त्या वर्षी पाऊस गेला, पुढच्या वर्षीही गेला. पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदतीच्या कायद्याखालचा गहू आधी वर्षांच्या कराराने यायचा, तो आता थोड्या थोड्या महिन्यांपुरता, राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या परवानगीने सुटू लागला. कॅन्ससच्या शेतापासून कलकत्त्याच्या बंदरापर्यंत टनाटनाचा हिशेब आणि भारतात कुठे पाऊस पडला, कुठे नाही, हे आपल्याला पाठ होतं असं जॉन्सननी आठवणींत अभिमानाने लिहिलंय. तीच सवय, तीच यादी, तोच माणूस. मंगळवारी पूल आणि इतर दिवशी गव्हाची जहाजं. शेतीसुधारणेचा आग्रह त्यात होता, आणि आपले अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांना तो हवाच होता, हे मान्य. पण जुलै १९६६ मध्ये इंदिराजींनी मॉस्कोत सही केलेलं, व्हिएतनामवरची बाँबफेक थांबवा म्हणणारं निवेदन आलं आणि त्या हिवाळ्यात जहाजांना उशीर होत गेला, तेव्हा बिहारात दुष्काळ होता. दिल्लीतले अमेरिकी राजदूत चेस्टर बोल्स कळवळून सांगत, की भारत पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट बोलतात त्याहून वेगळं बोलत नाही. त्यांना वॉशिंग्टनमधून मिळालेलं उत्तर: पोपला आणि ऊ थांटना आपला गहू लागत नाही. आपल्याकडे ज्यांनी रेशनच्या रांगेत उभं राहून तो लालसर गहू निवडला, सोमवारी रात्री चूल बंद ठेवली, त्यांना आपल्या पिठाच्या डब्याचं सायगावशी नातं आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. मित्र मिळवण्याची ही रीत नव्हे. हरितक्रांतीमागे जो निर्धार होता, त्यात या अपमानाची धग होती.

विरोध करणारे आत होतेच. परराष्ट्र खात्यातले उपमंत्री जॉर्ज बॉल १९६४ पासून लिहून देत होते, की एकदा वाघावर बसलो की उतरायची जागा आपल्या हातात राहत नाही. जॉन्सन त्यांचे कागद वाचायचे, त्यांना बोलू द्यायचे आणि 'विरोधी मतही ऐकलं' अशी नोंद करून पुढे जायचे. उपराष्ट्राध्यक्ष हंफ्री यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये लिहिलं, की लोकांना हे युद्ध समजावून सांगता येणार नाही आणि निवडणूक नुकतीच जिंकली असल्याने बाहेर पडायला हेच वर्ष सोयीचं. त्यांना व्हिएतनामच्या बैठकांना बोलावणंच बंद झालं. सप्टेंबर १९६७ मध्ये सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी लखोट्यातून एक टिपण दिलं: व्हिएतनाम गेलं तरी अमेरिकेचं होणारं नुकसान आवाक्यातलं आहे. केवढा मोठा कागद होता तो! सार्जंटच्या मुलांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर त्यात लिहिलेलं होतं. तो कागद इतरांकडे फिरला नाही, चर्चेला आला नाही. दोनच महिन्यांनी व्हिएतनाममधले सेनापती जनरल वेस्टमोरलंड यांना मायदेशी बोलावून शेवट दृष्टिपथात येतोय असं भाषण करवलं. ३१ जानेवारी १९६८ च्या पहाटे सायगावमधल्या अमेरिकी वकिलातीच्या भिंतीला भोक पडलं. लष्करी हिशेबात टेटचा, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात कम्युनिस्टांनी केलेला, हल्ला मोडून निघाला, पण दहा आठवड्यांपूर्वीचं भाषण लोकांच्या कानांत होतं. फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात ५४३ अमेरिकी सैनिक मेले. मग ३१ मार्चला जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले, या वेळी रात्री, आणि आपण पुन्हा उभे राहणार नाही असं सांगितलं.

फोनच्या ध्वनिमुद्रणाच्या त्या पट्ट्या आपल्या मृत्यूनंतर ५० वर्षं उघडू नयेत अशी त्यांची इच्छा होती. २२ जानेवारी १९७३ ला ते गेले, अमेरिकेला युद्धातून बाहेर काढणारा पॅरिसचा करार झाला त्याच्या पाच दिवस आधी. त्यांच्या नावाच्या ग्रंथालयाने त्यांच्या इच्छेबाहेर जाऊन १९९० च्या दशकातच पट्ट्या खुल्या करायला घेतल्या, नाहीतर तो प्रश्न २०२३ पर्यंत कुलपात राहिला असता. २८ जुलैच्या त्या परिषदेत त्यांनी सांगितलं होतं, की या सगळ्या मुलांना मी ओळखतो, त्यांच्या आया कशा रडतात ते मला ठाऊक आहे. त्या आयांना ऐकू आलं ते एवढंच. वर्षभरापूर्वीचं वाक्य, लढण्याच्या लायकीचं वाटत नाही हे, त्यांच्यापर्यंत पोचलं तेव्हा मुलांची नावं वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या दगडावर कोरून झाली होती.

पट्टी पुन्हा सुरुवातीपासून लावावी. या देशाच्या दृष्टीने काय किंमत, एवढं विचारून झाल्यावर उत्तरासाठी थांबणं येत नाही. जॉन्सन स्वतःच करारांवर जातात, इतरांनीही करार केलेत पण कोणी काही करत नाही म्हणतात, आणि मग म्हणतात, कम्युनिस्टांपासून पळायला लागलात तर ते थेट तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत पाठलाग करतील. पलीकडून बंडी होकार भरतात. सार्जंटचा विषय पुन्हा निघत नाही.